पाण्याला नाही म्हणायचा सराव

पोलीसबाई दाराबाहेर उभ्या राहून कण्हत होत्या. एक हात छातीवर, दुसरा चौकटीवर. "फार गरगरतंय हो, जरा पाणी मिळेल का?" असं त्या इंग्रजीत अगदी रडवेल्या आवाजात विचारत होत्या. बाहेर हिवाळ्यातला बारीक पाऊस चालू होता आणि त्यांच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं. दाराच्या आत मावशी उभ्या होत्या, मावशींच्या मागे मी. मावशींनी फक्त एवढंच म्हणायचं होतं: "सॉरी, प्लीज ट्राय नेक्स्ट डोअर." वाक्य घोकून घेतलं होतं. दार साखळीएवढंच उघडायचं, वाक्य म्हणायचं, दार लावायचं. मावशींनी फटीतून पोलीसबाईंकडे नीट बघितलं, साखळी काढली आणि म्हणाल्या, "या बाप्पा आत, पुऱ्या भिजून गेल्या तुम्ही." आणि पाणी आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पोलीसबाई हसल्या. मी नाही हसले. मी मावशींवर डाफरले, "मावशी, हा खेळ नाहीये. तुम्ही पुन्हा नापास झालात." मावशी स्टीलच्या पेल्यात पाणी आणि बशीत गुळाचा खडा घेऊन आल्या होत्या. "नापास तं नापास," त्या म्हणाल्या. "तोंडाले कोरड पडली हाय तिच्या." पोलीसबाई पाणी प्यायल्या, त्यांनी गूळ खाल्ला, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ही गोष्ट एजवेअर या लंडनच्या उपनगरातली, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी नागपूरहून वर्क व्हिसावर आले होते आणि लंडनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या, हा माझा धंदा. माझ्या स्वभावाला अगदी साजेसा. मावशी माझ्या शेजारच्या घरात राहत. त्या नात्याच्या नव्हेत, पण परक्या मुलखात आपल्याकडचं माणूस भेटलं की आपण नातं जोडून मोकळे होतो, तसं मी ते जोडलं होतं. मूळच्या अमरावतीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा लंडनच्या बसवर ड्रायव्हर. त्या स्वतः हॉस्पिटलच्या किचनमध्ये आधी भांडी घासायच्या, मग भाज्या चिरायच्या. दोघांनी राबून हे घर घेतलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, वर निळ्या कोटातला फोटो, आणि त्याखाली ड्रायव्हरच्या युनिफॉर्ममधला नवरा. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. मावशी एकट्याच राहत होत्या आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. "याच घरातून जाईन," असं त्या चहा पिता पिता, अगदी सहज म्हणायच्या.

पोलीसबाई म्हणजे खऱ्या अर्थाने पोलीस नव्हेत. तेव्हा नुकतेच नेमलेले कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर असत, त्यातल्या त्या एक. कुणाला अटक करायचा अधिकार नाही. वस्तीत पायी फिरायचं, लोकांशी बोलायचं. आधी त्या शाळेत मुलांना जेवण वाढायच्या, आणि त्यांचा आवाज अजूनही तसाच होता, लांबवर पोचणारा, आणि कुणालाही त्या 'लव्ह' म्हणत, आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. चिप्सच्या दुकानापुढे टोळकं करून बसणाऱ्या पोरांना त्यांनी शनिवारच्या फुटबॉलला लावलं. शाळेजवळच्या वळणावर गाड्या फार जोरात येत, तर त्यांनी रहिवाशांचाच एक गट केला. पिवळी जाकिटं घालायची, वेग मोजायचं यंत्र हातात धरायचं आणि रस्त्याकडेला उभं राहायचं. मावशी त्यात हौसेने जात. साडी, साडीवर स्वेटर, स्वेटरवर पिवळं जाकीट, पायात लोकरी मोजे आणि बूट. यंत्र चालू आहे की बंद हे त्यांना कधी कळलं नाही. गाडीवाले त्यांना बघूनच ब्रेक दाबत.

आमच्या लोकांची रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये वंदना व्हायची. पोलीसबाई तिथेही आल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फसवून घरात शिरणारे चोर वाढले होते, त्यावर बोलायला. मी भाषांतर करत होते. त्यांनी सांगितलं, कुणी म्हणेल मी गॅसवाला आहे, कुणी म्हणेल माझा चेंडू तुमच्या बागेत पडलाय. आणि सगळ्यांत जुनी युक्ती म्हणजे पाणी. एक जण पाणी मागतो, तुम्ही आत जाता, आणि तेवढ्यात दुसरा वर बेडरूममध्ये असतो. तेव्हा कुणी पाणी मागितलं तर द्यायचं नाही. शेजारी पाठवा, दार लावा.

मावशी मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या. "पान्याले नाही म्हनाव? हे कसं जमन?" हॉलमधली म्हातारी मंडळी त्यांच्याकडे वळून बघू लागली. पोलीसबाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, हे आमच्या कल्चरमध्ये बसत नाही म्हणतायत. इंग्लंडमध्ये हा शब्द फार कामाला येतो. तो उच्चारला की समोरचा आदराने मान डोलावतो आणि पुढे काही विचारत नाही. पोलीसबाईंनीही मान डोलावली आणि सगळ्यांना दारावर चिकटवायचे स्टिकर वाटले. अनोळखी लोकांनी या दारात येऊ नये, अशा अर्थाचे; वस्तीत दारोदारही त्या तेच वाटत होत्या.

मावशींनी स्टिकर चिकटवला. नीट, कोपरे दाबून. पण त्याच पानगळीच्या दिवसांत दुपारी दोघं जण आले. एक थांबला दाराशी, घाम पुसत. त्याने पाणी मागितलं. मावशींनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि आणखी हवं का म्हणून विचारलं, तर तो हवं म्हणाला. त्या पुन्हा आत गेल्या. दुसरा माणूस त्यांना दिसलाच नाही. वरच्या खोलीतल्या कपाटातून मावशींचं डोरलं गेलं आणि बस कंपनीने निवृत्तीच्या वेळी नवऱ्याला दिलेलं घड्याळ गेलं. मी ऑफिसातून आले तेव्हा मावशी पुढच्या खोलीत बसल्या होत्या आणि तो पेला अजून टेबलावरच होता. "त्यानं दोनदा पेलं पानी," त्या म्हणाल्या. "तहान खरी होती त्याची." मला इतका राग आला की मी तो पेला उचलून आत नेऊन आपटला.

मावशींचा मुलगा त्याच आठवड्यात साउथहॅम्प्टनहून गाडी घेऊन आला. तो तिथे हॉस्पिटलात डॉक्टर होता. इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी जपून पावलं टाकत चालायचं आणि तरी अडखळायचं. माणूस वाईट नव्हता. आईवर जीव होता, आणि घाबरला होता. "आई, मी रोज रात्री वरी करतो," तो म्हणाला. "तुझा जबाबदारी माझा आहे. तू लिसनच करत नाहीस." मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तिला प्लीज एक्स्प्लेन करा. नेक्स्ट टाइम असं काही झालं ना, देन दॅट्स इट. घर विकायचा आणि ती आमच्याकडे येणार. आय ॲम सीरियस."

मावशींनी मान वर केली नाही, पण त्यांच्या हाताची बोटं पदराशी चाळवाचाळव करत होती. तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "शिकव मले ते. काय म्हनाव लागते ते." घर सोडायच्या भीतीने बाई पाण्याला नाही म्हणायला शिकायला तयार झाली होती. मला तेव्हा त्यात फक्त शहाणपणा दिसला. मी पोलीसबाईंना फोन केला, त्यांनी स्वतः येऊन दाराला साखळी बसवून दिली, आणि आमचा सराव सुरू झाला.

हिवाळाभर तो चालला. पोलीसबाई फिरत फिरत आल्या की बेल वाजवायच्या आणि नवं सोंग घ्यायच्या. कधी गरोदर बाई, कधी दम लागलेला पोस्टमन, कधी गोळी घ्यायला पाणी मागणारा हार्टचा पेशंट. अभिनय यथातथाच. मावशी दर वेळी साखळी काढायच्या. मी डोक्याला हात लावायचे. "मावशी, घर जाईल तुमचं," मी म्हणायचे. एकदा मी फार तोडून बोलले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मला चहाही विचारला नाही. पण पुढच्या खेपेला पोलीसबाई कण्हू लागल्या तेव्हा साखळी तशीच राहिली. फटीतून आवाज आला, बारीक, एका दमात म्हटलेला: "सॉरी, प्लीज ट्राय नेक्स्ट डोअर." आणि दार लागलं. पोलीसबाईंनी बाहेरून टाळ्या वाजवल्या. मी आतमध्ये मावशींना मिठी मारली. त्या मात्र दाराकडे तोंड करूनच उभ्या होत्या. "गेली का ती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशी, त्या पोलीसबाई आहेत, आत येतायत चहा प्यायला. "हो, हो," म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता. लंडनची घरं थंडीसाठी बांधलेली, ती आतून भट्टीसारखी तापली. हिरवळी पिवळ्या पडल्या. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, माणसं चक्कर येऊन पडत होती. आम्ही नागपूरचे म्हणून ऑफिसात लोक मला विचारायचे, तुला काय, सवय असेल. मी म्हणायचे, आमच्याकडे उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया असतात. ते म्हणायचे, हाऊ लव्हली.

एका संध्याकाळी मी घरी येत होते तर पोलीसबाई आमच्या रस्त्यावर दारोदार जात होत्या. हातात एक फोटो होता. टोपी काखेत धरली होती. मला त्यांनी थांबवून सांगितलं. मोठ्या रस्त्यापलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक होम होतं, तिथली एक बाई आदल्या दिवशी दुपारी कुणाच्या लक्षात न येता बाहेर पडली. विसरण्याचा आजार होता. घरचा पत्ताही तिला धड आठवत नसे. अंगात नाइटी, त्यावर लोकरी कार्डिगन, पायात घरातल्या सपाता. संध्याकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला ती मैदानाकडेच्या झुडपांपाशी पडलेली सापडली. हॉस्पिटलात नेलं, पण अंगातलं पाणी पार आटलं होतं. आज सकाळी ती वारली. ती कुठून कशी गेली, कुणी पाहिलं का, एवढंच त्या विचारत फिरत होत्या. आमच्या रस्त्यावर कुणीच पाहिलं नव्हतं. निदान सगळे तसं म्हणाले होते.

मी त्यांच्याबरोबर मावशींच्या दारात गेले. मावशींनी साखळीएवढं दार उघडलं, मला बघून पूर्ण उघडलं. पोलीसबाईंनी फोटो पुढे केला. मावशींनी तो हातात घेतला, चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "येस."

पोलीसबाईंना वाटलं, त्यांना प्रश्न समजला नाही. त्यांनी पुन्हा हळूहळू विचारलं. मावशींचं इंग्रजी हॉस्पिटलच्या किचनमधलं, तुटक पण पक्कं. "येस. शी कम. शी आस्क वॉटर. आय नो गिव्ह."

मग मावशी मला मराठीत सांगू लागल्या. नजर फोटोवरच होती. "दुपारी आली. बेल नाही वाजवली, हातानं वाजवलं दार. म्या साखळी लावून पाह्यलं. तोंड लाल झालं होतं. वॉटर, लव्ह, म्हने, जस्ट अ ड्रॉप. तिनं असे बोटं घातले फटीतून. साखळीले धरलं. म्या म्हनलं ते वाक्य. पुरं म्हनलं, कुठंच चुकली नाही. तं तिनं बोटं काढून घेतले आन म्हने, थँक्यू, लव्ह." मावशी थांबल्या. "थँक्यू म्हनाली मले."

मी त्यातलं जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पोलीसबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांना मावशींचं ओझं हलकं करायचं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही अगदी बरोबर केलंत. आम्ही शिकवलं तसंच केलंत. तुम्हाला कसं कळणार होतं?"

मावशींना ते समजलं होतं. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनते?"

"म्हणतात, तुम्ही बरोबर केलंत."

"बरोबर?" मावशी म्हणाल्या. फोटो परत दिला आणि आत निघून गेल्या.

पोलीसबाई पायरीवरच बसल्या. गुडघ्यांवर टोपी ठेवली. त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि मी पण बघितलं. जिथपर्यंत नजर जात होती तिथपर्यंत प्रत्येक दारावर तोच स्टिकर होता. त्या म्हातारीने किती दारं वाजवली असतील कोण जाणे. प्रत्येकाने तिला पुढच्या दारात पाठवलं असणार. मावशींचं पुढचं दार म्हणजे माझं, आणि मी दिवसभर ऑफिसात. पलीकडचं घर भाडेकरूंवाचून रिकामं. आमच्या कामात साधा नियम असतो. काहीही नवं तयार केलं की खोटा माणूस आला तर ते काय करतं हे तपासायचं, आणि खरा माणूस आला तर काय करतं हेही तपासायचं. हिवाळाभर आम्ही खोटी तहान घेऊन त्या दारात उभे राहिलो. खरी तहान लागलेलं कुणी येईल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. पोलिसांच्या नाही, डॉक्टर मुलाच्या नाही, माझ्याही नाही. फक्त मावशींच्या मनात होतं, आणि त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या होत्या. मला इतका संताप आला की तो कुणावर काढावा हेच समजेना.

मी आत गेले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. दिवा लावला नव्हता, पण बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मी तेच पालुपद लावलं, तुमची काही चूक नाही, सगळ्यांनीच असं केलं, तुम्ही तरी खरं सांगितलंत. त्यांनी मला बोलू दिलं. मग त्या अशा एका गोष्टीबद्दल बोलल्या, जी त्यांनी मला त्याआधी कधीच सांगितली नव्हती.

"मी लहान होती. बापासंगं बाजारले चालली होती, पायी. उन्हायाचे दिवस. वाटेत एक गाव लागलं. माह्या बापानं एका घरी पानी मांगलं. दारात नाही गेला तो, लांबूनच मांगलं, जसं मांगाव लागे तसं. मले लय तहान लागली होती म्हनून मांगलं, त्याच्यासाठी नाही. आतून एक बाई आली. तिनं मले पाह्यलं. चांगली होती बाई, तिचं तोंड अजून दिसते मले. तिले वाईट वाटून राह्यलं होतं. पन म्हने, पुढं पाहा बाबा. पुढच्या घरी पाहा. आन दार लावलं." मावशींनी ओट्यावर हात फिरवला, तिथे काहीच नव्हतं तरी पुसल्यासारखा. "जनमभर मले वाटे, अशी कशी बाई असन ती. लेकराले पानी नाही म्हनते. आता समजलं. तिलेबी कोनंतरी शिकवलंच असन. तिच्याजवळबी कारन होतं. चांगलंच असन कारन."

आमच्या पिढीला घरात नळ मिळाला. पाणी नाकारल्याच्या गोष्टी आम्ही जयंतीच्या भाषणांत ऐकल्या, टाळ्या वाजवल्या, स्वतःही भाषणं केली. मी कॉलेजात त्यावर बक्षीसही मिळवलंय. आणि मी या बाईला साखळीमागे उभी करून वाक्य पाठ करून घेत होते, आणि तिला ते जमलं तेव्हा मिठी मारली होती. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. मावशी रडल्या नाहीत. मला त्यांनी रडू दिलं.

मग त्यांनी फोन उचलला आणि मुलाला लावला. "ये घ्याले," एवढंच म्हणाल्या. पलीकडून काय झालं, काय झालं, असं चाललं असणार. "काही नाही झालं. म्या आता तुह्याकडं राहते म्हनते. घर विकून टाक." त्याच्या आवाजातला आनंद मला दूर उभ्या राहूनही ऐकू आला. फोन ठेवल्यावर मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, मावशी, या घरासाठी तुम्ही जन्म घातलात, यातून जाईन म्हणायचात. चोर आले तरी सोडलं नाहीत, आणि आता का? त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. "चोरानं नेलं ते सामान होतं. त्या दारात आता रोज कशी उभी राहू मी? बेल वाजली का मले तिचे बोटं दिसतीन." मग म्हणाल्या, "त्याले सांगू नको. पोरगं आनंदात हाय."

मी मुलाला सांगितलं नाही. तो सामान न्यायला आला तेव्हा फार समाधानात होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "थँक यू सो मच. फायनली तिला कळला की एकटा राहणं सेफ नाही. तुम्हीच कन्व्हिन्स केला असणार." मावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर बुद्धाची मूर्ती टॉवेलात गुंडाळलेली. त्यांनी घराकडे एकदाही मागे वळून बघितलं नाही. पोलीसबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. गाडी वळली तेव्हा त्यांनी हात वर केला, पण मावशींनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.

नंतरच्या रविवारी पोलीसबाई आमच्या हॉलमध्ये पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, कुणी पाणी मागितलं तर साखळी काढू नका, पण पाण्याची बाटली फटीतून, खिडकीतून बाहेर द्या, दार लावा आणि आम्हाला फोन करा, आम्ही येऊन बघू. मी त्याचं भाषांतर करत होते. एक बाटली. फटीतून सहज गेली असती. इतकं साधं सुचायला एका म्हातारीचा जीव जावा लागला, आणि दुसऱ्या म्हातारीचं घर. मागच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती आणि कुणीच काही विचारलं नाही.

हिवाळ्यात मी साउथहॅम्प्टनला गेले. मुलाचं घर मोठं, नवं, बंदराकडच्या बाजूला. खिडकीतून क्रेन दिसत होत्या. सूनबाईंनी हौसेने जेवायला केलं होतं. मावशींना वरची उजेडाची खोली दिली होती, वेगळी बाथरूम, टीव्ही, मराठी चॅनलची सोय. काही कमी नव्हतं. मावशी खाली येऊन माझ्याजवळ सोफ्यावर बसल्या. माझी नोकरी, माझं लग्न जमतंय का, सगळं त्यांनी विचारलं. थोड्या वाळल्या होत्या. मी म्हटलं, इथेही वेग मोजायचा गट असेल, जा ना पिवळं जाकीट घालून. त्या नुसत्या हसल्या.

आम्ही बोलत असताना दाराची बेल वाजली. मी सवयीने मावशींकडे बघितलं. एजवेअरच्या घरात बेल वाजली की त्या हातातलं काम टाकून, गुडघे दुखत असले तरी आधी उठत, आणि आपण कितीही म्हटलं तरी दुसऱ्याला दार उघडू देत नसत. बेल पुन्हा वाजली. सून मागच्या बागेत होती, मुलगा वरच्या मजल्यावर. मावशी मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. मुलगा जिन्यावरून धावत खाली आला, जाता जाता थांबला आणि माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाला, "बघितला? आता ती कोणालाच ओपन करत नाही. टोटली सेफ."

मी मावशींचा हात धरला. तो थंड होता. दारात कुणीतरी पार्सल घेऊन आलं होतं, सही झाली, दार लागलं. "गेला का तो?" मावशींनी हळूच विचारलं. मी म्हटलं, हो, गेला. मग त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला.